ताटावर नजर ठेवा: ‘ओड टू बिली जो’ हे गोष्ट सांगणारे गाणे कसे ऐकावे

आपल्याकडे जे थोडेफार इंग्रजी पॉप ऐकतात त्यांना बीटल्स ठाऊक असतात, ॲबा ठाऊक असते, ईगल्सचे एखादे गाणे गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराने वाजवलेले असते; बॉबी जेंट्री हे नाव मात्र सांगली-मिरजेत दहा श्रोत्यांना विचारले तर बहुधा दहाही जण मान हलवतील. तिने स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले आणि स्वतःच गायलेले ‘ओड टू बिली जो’ हे गाणे १९६७ च्या ऑगस्टअखेर बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’ला खाली ढकलून अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथेच राहिले. पुढे त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. तरीही आपल्या कानांपर्यंत ते फारसे पोहोचले नाही, आणि याची मला हळहळ वाटते, कारण ज्याच्या घरी शेती आहे, ज्याने दुपारच्या जेवणाला रानातून घरी परतणारी माणसे पाहिली आहेत आणि ज्याच्या गावाला नदीवरचा पूल आहे, अशा श्रोत्यासाठी हे गाणे जणू हाताशीच ठेवलेले आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. मिसिसिपी राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी, तीन जूनच्या दुपारी, जेवताना बातमी येते की बिली जो मॅकॅलिस्टर या गावातल्या तरुणाने टॅलाहाची नदीच्या पुलावरून उडी घेतली. घरातली माणसे त्यावर थोडे बोलतात, बरेच जेवतात. ही हकिकत आपल्याला सांगते ती त्या घरची मुलगी, आणि तिचे व बिली जोचे काहीतरी होते हे आपल्याला हळूहळू, तेही दुसऱ्यांच्या तोंडून, कळत जाते. गाणे चार मिनिटांहून थोडेच मोठे आहे. एकदा ऐकून ते आवडू शकते, पण त्याची खोली कळायला एक रीत लागते. ती रीत इथे सांगतो आहे.

पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नये

मोबाइलच्या स्पीकरवर हे गाणे ऐकू नये. त्यात चेलोचे खालचे स्वर पार गळून जातात आणि उरते ती फक्त गिटारची टिकटिक. साधा हेडफोनही पुरतो. शब्द समोर न घेता एकदा सलग ऐकावे आणि फक्त आवाजांकडे लक्ष द्यावे: गिटार एकच संथ, झोके घेणारी लय धरून बसलेली आहे, बाईचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा, आणि गाण्यापेक्षा सांगण्याच्या जास्त जवळचा आहे, व्हायोलिन आणि चेलो मधूनच येतात, काहीतरी कुजबुजतात आणि मागे सरतात. ही तंतुवाद्यांची योजना जिमी हॅस्केल याची. मूळ ध्वनिमुद्रण जेंट्रीने एकटीने, आपल्या गिटारवर केले होते आणि वाद्ये त्यावर नंतर चढवली गेली. म्हणूनच ती गाण्याला उचलून धरत नाहीत, कडेला उभी राहून पाहतात असे वाटते.

आपल्या सवयीच्या कानाला इथे एक गोष्ट खटकेल. या गाण्याला धृवपद नाही. पाच कडवी आहेत, पाचही एकाच चालीत, आणि सूर कुठेही उंच चढून मोकळा होत नाही. मिरजेच्या मैफिलीत तानपुऱ्यावर कान बसलेल्या माणसाला यात अडचण येऊ नये: एक स्वरसमूह मागे अखंड वाजत राहतो आणि पुढचा प्रत्येक बदल, मग तो कितीही बारीक असो, त्याच्यामुळे उठून दिसतो. इथे बदलतात ते शब्द आणि शब्दांवरचा भार. प्रत्येक कडव्याची अखेर मात्र टॅलाहाची पुलाच्या नावाने होते, त्यामुळे धृवपदाचे काम तो पूलच करतो.

मग कागद घ्यावा

दुसऱ्या वेळी गाण्याचे शब्द हाताने उतरवून काढावेत. छापील शब्द डोळ्यांखालून घालणे आणि स्वतः लिहिणे यांत मोठे अंतर आहे. लिहिताना हात थांबतो तिथे मनही थांबते. प्रत्येक कडव्याला स्वतंत्र पान द्यावे, आणि डाव्या बाजूला समास सोडून त्यात हे वाक्य कोणाचे, आईचे, वडिलांचे, भावाचे की त्या मुलीने आपल्यालाच उद्देशून सांगितलेले, याची नोंद करावी. ही नोंद या गाण्यात फार महत्त्वाची आहे. गायिका एकच असल्यामुळे चौघांची बोलणी एकाच आवाजात येतात आणि पहिल्यांदा ऐकणारा त्यात हमखास गोंधळतो.

लिहिताना काही तपशील माहीत असलेले बरे. गाण्यातला डेल्टा हा नदीच्या मुखाशी असलेला त्रिभुज प्रदेश नाही. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधल्या सपाट, गाळाच्या, कापूस पिकवणाऱ्या पट्ट्याला तिकडे डेल्टा म्हणतात. टॅलाहाची ही नदी ग्रीनवुड गावाजवळ यालोबुशा नदीला मिळते आणि तिथून पुढे याझू सुरू होते. जेंट्रीचा जन्म चिकसॉ काउंटीतला, बालपण आजी-आजोबांच्या शेतावरचे, आणि काही काळ ती ग्रीनवुड भागातही राहिली होती. मुलीला गाण्याची ओढ आहे हे पाहून आजीने दुभती गाय देऊन शेजाऱ्याचा पियानो घरी आणल्याची हकिकत तिच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. तेव्हा हे गाव, हे रान, हे ताट तिने ऐकीव माहितीवरून रचलेले नाही.

गाणे सुरू होते तेव्हा मुलगी कपाशीच्या रानात आहे आणि भाऊ वाळलेल्या गवताचे भारे बांधतो आहे. जूनमध्ये कापूस वेचणीला आलेला नसतो, तेव्हा ती कापूस वेचते आहे असे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. ती खुरप्यासारख्या लांब दांड्याच्या अवजाराने रोपांची विरळणी करते आहे आणि तण काढते आहे. हे काम उन्हातले, वाकून करायचे आणि सरता न सरणारे असते. दुपारी दोघे घरी येतात. आई मागच्या दारातून ओरडून पाय पुसायला सांगते आणि त्याच दमात बातमी देते. टेबलावर चवळीची उसळ आहे, सफरचंदाचा ‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ आहे, आणि वडील मागतात ती बिस्किटे म्हणजे आपली चहाची बिस्किटे नव्हेत, तर जेवणाबरोबर खायचे मऊ, खारे, गरम पाव. चवळी मात्र अगदी आपलीच. सांगलीच्या वाचकाला हे ताट परके वाटण्याचे कारण नाही.

पात्रे वाटून मोठ्याने वाचावे

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले त्या गावात कोणालाही पात्रे वाटून वाचायला सांगितले तर फारसे कोणी संकोचत नाही, आणि या गाण्याच्या बाबतीत तर हा सर्वांत फलदायी उपाय आहे. घरातली किंवा ओळखीची पाच माणसे जमवावीत. एकाने वडिलांची वाक्ये घ्यावीत, एकाने आईची, एकाने भावाची. निवेदनाच्या ओळी चौथ्याने वाचाव्यात. पाचव्या माणसाने ती मुलगी व्हायचे आणि जेवणाच्या टेबलाशी बसून राहायचे.

पाचव्याला वाचायला काय द्यायचे, असा प्रश्न लगेच निघतो, आणि तो निघावा यासाठीच हा खटाटोप आहे. मुलीने त्या जेवणात उच्चारलेला एकही शब्द गाण्यात नाही. ती आपल्याला सगळे सांगते, पण घरच्या माणसांशी बोललेले तिचे एकही वाक्य जेवणाच्या पहिल्या चारही कडव्यांत सापडत नाही. नुसते ऐकताना हे ध्यानात येत नाही, कारण आवाज तिचाच चालू असतो. खुर्चीवर गप्प बसलेले माणूस समोर दिसले की मग ती जागा टोचू लागते.

वाचताना एक पथ्य पाळावे. मराठी माणसाला मृत्यूची बातमी वाचताना आवाज जड करायची सवय असते, आणि इथे ती सोडावी लागते. आमच्याकडे सांगलीच्या विश्रामबागेत एका घरी हे वाचन झाले तेव्हा वडिलांची ओळ एका द्राक्षबागायतदार तात्यांकडे आली होती आणि त्यांनी ती कीर्तनातल्या करुण प्रसंगासारखी म्हटली. त्यांना विनंती केली की तात्या, तुमच्या घरी रोज जसे बोलता तसे बोला. मग ते म्हणाले, “बिली जोला कधी अक्कलच न्हवती. जरा ती पावाची थाळी सरकवा हिकडं. खालच्या रानात अजून पाच एकर नांगरायचं राहिलंय.” खोलीत सगळे हसले आणि हसू लगेच विरले, कारण ते वाक्य वाळव्यातल्या, तासगावातल्या, कोणत्याही घरात जसेच्या तसे कानावर पडू शकेल असे होते. वडील दुष्ट नाहीत. पाऊस तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला नांगरट दिसते, एवढेच. आपल्या बोलीत ओळ म्हणून पाहण्याचा उपयोग इतकाच की तिचा सूर सापडतो. सूर सापडला की पुन्हा मूळ शब्दांकडे यावे. बिली जोला वाळव्याचा करून टाकण्यात काही मिळत नाही.

त्याच वाचनात आईची ओळ ज्या काकूंकडे होती त्यांनी चौथ्या कडव्याआधीच विचारले, “सर, सगळे एकमेकांना वाढताहेत, त्या पोरीच्या ताटात काय आहे ते कुणी बघतंय का हो?”

समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलाला वेगळीच घाई होती; चौथ्या कडव्यात बिली जो आणि एक मुलगी पुलावरून काहीतरी टाकताना दिसल्याचे येते, त्याचे लक्ष तिकडे होते. “काकू, पण त्या दोघांनी पुलावरून फेकलं काय?”

“ते राहू दे रे बाळा. आधी ती जेवली का ते बघ.”

काकूंच्या या प्रश्नाहून चांगली किल्ली मला या गाण्याला आजवर कोणी दिलेली नाही, आणि पुढचे सगळे मी त्याच्याच आधाराने सांगतो आहे.

कोण काय बोलतो आणि काय खातो

आता समासातल्या नोंदी घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कडव्यांवर सावकाश जावे. प्रत्येक बोलणाऱ्यापुढे दोन रकाने करावेत: त्याने बिली जोबद्दल काय म्हटले, आणि त्याच श्वासात कोणता पदार्थ मागितला किंवा कोणते काम काढले. वडिलांचे वर आलेच. आई म्हणते की वाईट झाले खरे, पण त्या चोक्टॉ रिज नावाच्या टेकाडावर कधी कोणाचे भले झाले आहे? भाऊ जुनी आठवण काढतो: त्याने, टॉमने आणि बिली जोने मिळून कॅरोल काउंटीतल्या सिनेमागृहात बहिणीच्या पाठीत बेडूक सोडला होता. मग तो पायचा आणखी एक तुकडा मागतो आणि म्हणतो की पटत नाही बुवा, कालच तर मी त्याला लाकडाच्या गिरणीवर पाहिला.

भावाच्या या बोलण्यावर जरा थांबावे. हसण्यावारी नेण्यासारख्या बेडकाच्या आठवणीत आणि पायच्या मागणीत एक साधा प्रश्न त्याने बहिणीला टाकलेला आहे: गेल्या रविवारी रात्री प्रार्थनेनंतर तू त्याच्याशीच बोलत होतीस ना? प्रश्न येतो आणि जातो. उत्तर नाही. उत्तराची वाटही कोणी पाहत नाही. हा गाण्यातला पहिला धागा, आणि तो इतक्या सहज टाकलेला आहे की दोन-तीनदा ऐकूनही तो निसटतो.

दुसरा धागा चौथ्या कडव्याच्या सुरुवातीला आहे. आईचे लक्ष शेवटी मुलीकडे जाते, पण कसे जाते ते पाहावे: सकाळपासून मी चुलीपाशी राबते आहे आणि तू एक घासही घेतलेला नाहीस, तुझी भूक कुठे गेली? यात काळजी आहे आणि तक्रारही आहे, आणि ही दोन्ही एकाच वाक्यात कशी नांदतात हे ज्याच्या घरी आई आहे त्याला सांगावे लागत नाही. या क्षणी मुलगी बोलू शकली असती. आई उत्तरासाठी थांबली असती तर कदाचित बोललीही असती. आई पुढच्या विषयाकडे वळते.

तो पुढचा विषय म्हणजे तिसरा धागा. ब्रदर टेलर नावाचे तरुण धर्मोपदेशक सकाळी येऊन गेले, चांगला मुलगा आहे, रविवारी जेवायला येतो म्हणाला; आणि हो, जाता जाता म्हणाला की चोक्टॉ रिजवर त्याने तुझ्यासारखीच दिसणारी एक मुलगी पाहिली, ती आणि बिली जो पुलावरून खाली काहीतरी टाकत होते. इथे श्रोत्याने मोजून पाहावे की ही माहिती किती हातांतून आपल्यापर्यंत आली: उपदेशकाने पाहिले, त्याने आईला सांगितले, आईने मुलीला सांगितले, मुलगी आपल्याला सांगते आहे. ज्या एकीला खरे काय ते पहिल्यापासून ठाऊक आहे तिलाच ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकवले जाते आहे.

आईला कळले होते का, यावर वाद घालावा. माझे मत असे की आईला कळलेले नाही. ‘तुझ्यासारखी दिसणारी’ असे उपदेशकाने म्हटले ते त्याने ओळखूनही सभ्यपणे झाकले म्हणून, आणि आईचे लक्ष त्या वेळी ‘तरुण’ आणि ‘चांगला’ या दोन गोष्टींवर आहे. रविवारच्या जेवणाला त्याला बोलावण्यात स्थळ पाहण्याचा वास मला येतो. शब्दांत तसे कुठे म्हटलेले नाही, तेव्हा कोणी हे नाकारले तर मी हट्ट धरणार नाही. पण गाण्यातल्या ओळीवर बोट ठेवून वाद घालायचा, बाहेरून कथा आणून नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा.

कोडे सोडवण्याचा मोह

बाहेरून कथा आणण्याचा सर्वांत मोठा मोह अर्थातच त्या कॉलेजच्या मुलाच्या प्रश्नाचा आहे. गाणे आले त्या वर्षापासून अमेरिकेत लोक त्या पुलावरून काय टाकले असेल याचे तर्क करीत आले: अंगठी असेल, फुले असतील, आणखी भयंकर काही असेल. १९७६ मध्ये या गाण्यावर चित्रपटही निघाला आणि त्याने बिली जोच्या मृत्यूचे स्वतःचे असे कारण पुरवले. खुद्द जेंट्रीने मात्र असे कारण कधी दिले नाही. तिच्या सांगण्याचा आशय असा होता की हे गाणे नकळत होणाऱ्या क्रूरपणाबद्दल आहे. पुलावरून टाकलेली वस्तू ही त्या मुलीचा आणि बिली जोचा संबंध दाखवण्यापुरती आहे, आणि जेवताना माणसे त्या मरणाबद्दल किती कोरडेपणाने बोलतात हे पाहण्यासारखे आहे.

तिने काय गाळले याचा एक पुरावाही उरला आहे. गाण्याच्या आरंभीच्या मसुद्याचे एक हस्तलिखित पान मिसिसिपी विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि त्याची सुरुवात सॅली जेन एलिसन नावाच्या, गावात आता दिसेनाशी झालेल्या मुलीपासून होते. छापील गाण्यात सॅली जेन नाही. लिहिणाऱ्याने ज्या ओळी काढून टाकल्या त्यांच्यावर मनोरे रचणे मला गैर वाटते. पण ती सुरुवात काढून जेंट्रीने गाणे थेट रानात आणि तिथून ताटावर आणले, हे संपादन किती अचूक होते ते मात्र या पानामुळे कळते. एखादी दिसेनाशी झालेली मुलगी पहिल्याच ओळीत आली असती तर आपण सगळे पहिल्या ओळीपासून शोध घेत बसलो असतो.

टॅलाहाची नदीचे नाव ऐकून आणखी एक गोष्ट ज्याला माहीत आहे त्याच्या मनात येईल. १९५५ मध्ये मनी या गावाजवळून उचलून नेऊन ठार मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा मृतदेह याच नदीत सापडला होता, आणि गाण्यातला पूल म्हणून दाखवला जाणारा पूलही मनीजवळचाच होता; तो १९७२ मध्ये कोसळला. गाणे त्या हत्येबद्दल एक अक्षर बोलत नाही. तेव्हा हा इतिहास ठाऊक असावा, त्याने त्या नदीच्या गढूळ पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली तर बदलू द्यावी, पण बिली जोच्या गोष्टीत तो ओतू नये.

सांगलीच्या श्रोत्याला तर पूल म्हटले की आयर्विन पूलच दिसणार. १९२९ पासून उभा असलेला हा पूल आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला गेले की पंचेचाळीसच्या धोका पातळीला, ही चौकशी आपण त्याच्याच नावाने करतो. टॅलाहाची म्हणजे कृष्णा नव्हे. ती सपाट प्रदेशातून रेंगाळत जाणारी नदी आहे. तरीही आपल्या मनातला पूल पुसून टाकण्याची गरज नाही. रोजच्या येण्याजाण्याची, सगळ्यांची म्हणून असलेली जागा एका माणसासाठी कायमची बदलून जाते ही गोष्ट आयर्विन पुलावरून रोज ये-जा करणाऱ्याला लवकर उमगते.

पाचवे कडवे वेगळ्या बैठकीत

पहिली चार कडवी एकाच जेवणाची आहेत. पाचवे एक वर्षानंतरचे आहे, आणि ते त्याच दिवशी घाईने उरकू नये. एक वर्ष एका वाक्यात जाते. भावाने बेकी थॉम्पसनशी लग्न केले, दोघांनी टुपेलोला दुकान घेतले. कसलीशी साथ आली, वडिलांना ती लागली आणि गेल्या वसंतात ते वारले. आईला आता कशातच मन घालावेसे वाटत नाही. आणि मुलगी? ती बराच वेळ चोक्टॉ रिजवर फुले वेचत असते आणि ती पुलावरून गढूळ पाण्यात सोडत असते.

या कडव्यातला वडिलांचा मृत्यू वाचताना श्रोत्याने दुसऱ्या कडव्याचे पान बाजूला ठेवून पाहावे. ज्या वडिलांनी बिली जोचे मरण चवळी वाढता वाढता उरकले होते, त्यांचे मरण आता मुलगी अर्ध्या ओळीत उरकते. हे सूड म्हणून केलेले नाही, त्या घरात बोलण्याची जी रीत आहे तीच तिच्याही तोंडी आली आहे. मला स्वतःला गाण्यातली ही सर्वांत कठोर जागा वाटते, पुलाहूनही.

आणि आईकडे पुन्हा पाहावे. वर्षापूर्वी ती मुलीला विचारत होती की तुझी भूक कुठे गेली. आज आईची स्वतःची वासना उडालेली आहे आणि मुलगी ते नुसते नोंदवते. दोघींचे माणूस गेले आहे, दोघी एकाच घरात आहेत, आणि एकीचे दुःख दुसरीला दिसत नाही. जेंट्रीने स्वतः मुलाखतीत याच दोघींमधल्या अंतराकडे लक्ष वेधले होते. हे कडवे वाचताना आईचे आणि मुलीचे काम करणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवावे. दोघांनाही बोलायला काही नाही, निवेदनच सगळे सांगते, आणि तसे बसणे फार वेळ सहन होत नाही.

शेवटची ओळ संपल्यावर गाणे बंद करू नये. हॅस्केलची तंतुवाद्ये त्यानंतर काही क्षण एकटीच राहतात आणि स्वर गिरक्या घेत खाली उतरत जातात. फुले पाण्याकडे पडतात तसे, किंवा माणूस पडते तसे. दोन्ही अर्थ ऐकू येतात आणि कोणता धरायचा हे वाद्ये सांगत नाहीत.

ऐकवण्याआधी

हे गाणे चार लोकांत ऐकवणार असाल तर विषय आधी सांगून ठेवावा. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरात अशी बातमी खरोखर आलेली असू शकते, आणि अशा माणसाला गाफील गाठणे म्हणजे गाणे ज्याबद्दल आहे तेच पुन्हा करणे. कोणी उठून गेले तर जाऊ द्यावे, पण मागाहून एकट्याने गाठून विचारपूस करावी आणि उत्तरासाठी थांबावे. गरज वाटल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

याच्यानंतर काय ऐकावे

हीच रीत जेंट्रीच्याच १९६९ मधल्या ‘फॅन्सी’ या गाण्याला लावून पाहावी. तिथेही गरीब घर आहे, आई आहे, मुलगी आहे. आजारी आई उरलेले पैसे घालून अठरा वर्षांच्या मुलीला नाचाचा लाल झगा आणते आणि तिला त्या घरातून बाहेर पडायला सांगते. फरक असा की ‘फॅन्सी’तली मुलगी सगळे बोलते, काय झाले, का झाले, त्याबद्दल तिला आज काय वाटते, काहीच झाकून ठेवत नाही. दोन्ही गाणी एका संध्याकाळी, आधी ‘बिली जो’ आणि मग ‘फॅन्सी’ या क्रमाने ऐकावीत. उलट क्रमाने ऐकल्यास ‘बिली जो’तल्या मुलीने पण बोलावे अशी अपेक्षा कानात बसते. ‘फॅन्सी’साठी समासात बोलणाऱ्यांची नावे लिहिण्याची गरज पडणार नाही, त्याऐवजी आईच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी आणि ती मुलीला जे करायला सांगते आहे ते थेट शब्दांत एकदा तरी म्हणते का, हे शोधावे.